किल्ली कोणाकडे?

(मंडळाच्या अभ्यासिकेच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)





आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या भाषणाचा विषय 'एका परदेशी ग्रंथालयाची ओळख' असा छापला आहे. बँकेत कारकुनी करणारा माणूस परदेशी ग्रंथालयाची काय ओळख करून देणार, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आम्ही परदेशी गेलेलो नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेची परीक्षा दिली आणि गेली वीसएक वर्षे काउंटरच्या आत बसून लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवत आहोत. वाचनाची आवड मात्र सुटली नाही. त्या वाचनातून ज्या एका संस्थेचा आमच्या मनावर ठसा उमटला, तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. पण त्याआधी आपल्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे.

मागील दिवाळीच्या सुटीत आम्ही आठ दिवस गावी गेलो होतो. अभ्यासिकेतील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आमच्या खिशात होती. बँकेची सवय अशी की, किल्ली कोणाच्या हाती द्यायची नाही. त्या आठ दिवसांत आपल्याच वस्तीतील एक मुलगी तीन वेळा अभ्यासिकेत येऊन परत गेली. तिला परीक्षेसाठी एक संदर्भग्रंथ हवा होता. ग्रंथ कपाटात होता, काचेतून दिसत होता. काचेला नाक लावून तिने त्याचे नाव वाचले आणि ती घरी गेली. तो पेपर तिला चार गुणांनी गेला. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमची होती. ती या सभेत आम्ही कबूल करतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. ज्ञान जपायचे म्हणजे ते कुलपात ठेवायचे, की लोकांच्या हाती द्यायचे? हा प्रश्न फक्त आपल्या कपाटापुरता नाही, हे पुढील हकिकतीवरून आपणास कळून येईल.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसजवळ सॅन मरिनो नावाचे गाव आहे. तेथे हंटिंग्टन नावाची संस्था आहे. एकाच आवारात ग्रंथालय, कलासंग्रहालय आणि वनस्पती उद्यान अशी तिची त्रिवेणी रचना आहे. ग्रंथालयात सुमारे १ कोटी २० लाख ग्रंथ, हस्तलिखिते, पत्रे, नकाशे व छायाचित्रे आहेत. उद्यानाचा लोकांसाठी खुला असलेला भागच सुमारे १२० एकरांचा आहे.

संस्थेचा संस्थापक हेन्री हंटिंग्टन. जन्म १८५०, मृत्यू १९२७. त्याचे चुलते कॉलिस हंटिंग्टन हे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या चार मोठ्या धन्यांपैकी एक. १८६९ साली अमेरिकेच्या पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग एकमेकांस जोडले गेले. त्यातील पश्चिमेकडचा मार्ग या कंपनीने टाकला. पुतण्या चुलत्यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे त्याने लॉस एंजेलिसच्या परिसरात विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे जाळे उभारले, जमिनी घेतल्या आणि तो अफाट श्रीमंत झाला.

मित्रहो, संपत्तीची गोष्ट सांगताना ती कोणाच्या घामातून आली हे सांगितले नाही, तर हिशेब अपुरा राहतो. जमेची बाजू लिहायची आणि नावेची बाजू कोरी ठेवायची, असे बँकेत चालत नाही, इतिहासातही चालू नये. तो पश्चिमेकडचा लोहमार्ग दहा हजारांहून अधिक चिनी मजुरांनी बांधला. बर्फाच्या डोंगरात त्यांनी सुरुंग लावून बोगदे खणले. त्यांना गोऱ्या मजुरांपेक्षा कमी मोबदला मिळत असे. मार्ग पुरा झाल्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेने केला. ज्यांनी रस्ता बांधला, त्यांच्यासाठीच दार बंद झाले. आपल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हेन्री हंटिंग्टनच्या पुस्तकांकडे वळू. पुस्तके गोळा करण्याचा त्याचा नाद जगावेगळा होता. एकेक पुस्तक न घेता तो संपूर्ण ग्रंथसंग्रह उचलत असे. १९११ साली एका लिलावात त्याने गुटेनबर्गच्या छापखान्यात छापलेले, चर्मपत्रावरील बायबल ५० हजार डॉलर देऊन घेतले. १९१७ साली इंग्लंडमधील एका उमराव घराण्याचे अख्खे ग्रंथालय विकत घेतले. त्यात चौसर या इंग्रजी कवीच्या काव्याचे सहाशे वर्षांपूर्वीचे सचित्र हस्तलिखित होते. हा सारा ग्रंथसंग्रह १९२० सालापर्यंत न्यूयॉर्क शहरात होता.

येथे आम्हांस एक योगायोग सांगावासा वाटतो. १९१३ ते १९१६ या काळात त्याच न्यूयॉर्कमध्ये आपल्या देशातील एक तरुण विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. बडोदे सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती हाच त्याचा आधार. त्या पैशातून पोटाला चिमटा घेऊन तो जुनी पुस्तके विकत घेत असे. ते विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एकाच शहरात, एकाच काळात, एक गृहस्थ संपूर्ण ग्रंथालये खरेदी करीत होता आणि दुसरा एकेका पुस्तकासाठी पैसे मोजून घेत होता. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. तरीही त्यांनी पुन्हा संग्रह केला आणि दादरला 'राजगृह' बांधताना माणसांबरोबर पुस्तकांच्या जागेचा विचार केला. दोघांच्याही ग्रंथप्रेमाबद्दल शंका नको. पण एकाच्या पुस्तकामागे रेल्वेचा पैसा होता आणि दुसऱ्याच्या पुस्तकामागे शिष्यवृत्ती होती, हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. शिष्यवृत्ती ही लहान गोष्ट नाही. तिच्यातून काय घडू शकते, हे आपण जाणतो.

हंटिंग्टनला थोर म्हणावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्याने एक काम निश्चित चांगले केले. १९१९ साली त्याने विश्वस्तपत्र करून घर, पुस्तके, चित्रे आणि बाग हे सर्व एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेचे संस्थापक, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी त्याला आग्रहाने पटवून दिले होते की, हा संग्रह नुसता पाहण्याची वस्तू होऊ नये, येथे संशोधन व्हावे. त्याच्या मृत्यूनंतर १९२८ साली संस्था लोकांसाठी खुली झाली. संस्थेसाठी त्याने कायम निधीही ठेवला. मुद्दल राखायचे आणि उत्पन्नातून काम चालवायचे, हे तत्त्व बँकेतील आमच्यासारख्या माणसाला चटकन समजते.

या संस्थेत मुख्यतः तीन प्रकारची कामे चालतात. पहिले, प्रदर्शने. कोठारातील वस्तू बाहेर काढून, त्यांना माहितीच्या पाट्या लावून त्या सामान्य माणसाला समजतील अशा मांडतात. दुसरे, व्याख्याने. जो अभ्यासक तेथे राहून काम करतो, तो आपल्याला काय सापडले हे लोकांसमोर येऊन सांगतो. तिसरे, संशोधन. दरवर्षी शंभराहून अधिक अभ्यासकांना अभ्यासवृत्ती दिली जाते. वाचनकक्षात शाईचे पेन नेता येत नाही, टिपणे पेन्सिलनेच काढावी लागतात. जुन्या कागदावर शाईचा एक थेंब पडला तर तो कोणत्याही संशोधनाने निघत नाही.

आणि बाग? बाग ही तेथे केवळ हवा खाण्याची जागा नाही, तेही एक ग्रंथालयच आहे. निवडुंग व वाळवंटी झाडांच्या बागेची गोष्ट गमतीची आहे. विल्यम हर्ट्रिच नावाच्या माळ्याने १९०७ साली ती बाग लावायचे मनात आणले. मालक राजी नव्हता, कारण रेल्वेचे काम करताना निवडुंगाचे काटे त्याला चांगलेच लागले होते. माळ्याने हट्ट सोडला नाही. आज त्या दहा एकरांत दोन हजारांहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. १९९९ साली त्या उद्यानात सुमात्रा बेटावरचे एक प्रचंड फूल उमलले. माणसाएवढे उंच आणि कुजलेल्या मांसासारखा वास. तरी ते पाहण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. हे फूल आपल्या सुरणाच्या कुळातले आहे. ज्यांनी परसात सुरण फुललेला पाहिला आहे, त्यांना त्या वासाची कल्पना येईल. आपल्या परसातल्या कंदाचा थोरला भाऊ पाहायला तेथे लोक तिकीट काढून जातात, म्हणजे ज्ञान आपल्या दाराशीही असते. फक्त त्याला कोणी पाटी लावलेली नसते.

२००८ साली त्याच आवारात चिनी पद्धतीची बाग सुरू झाली. तिच्या नावाचा अर्थ 'वाहत्या सुगंधाची बाग' असा होतो. २०२० साली ती आणखी वाढविण्यात आली. ज्या घराण्याची संपत्ती चिनी मजुरांच्या श्रमातून आली, त्याच्या आवारात चिनी कारागीर येऊन आपल्या पद्धतीचे मंडप बांधून गेले. याने जुने देणे फिटले असे आम्ही म्हणणार नाही. पण देणे आहे याची आठवण ठेवण्याची ती एक जागा झाली.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे किल्लीकडे येऊ. या एकाच संस्थेच्या तिजोरीच्या दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. १९३५ साली जर्मनीत हिटलरच्या सहीने न्युरेंबर्गचे कायदे झाले. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारा एक कायदा, आणि त्यांचे इतरांशी विवाह बेकायदा ठरविणारा दुसरा. माणसाला जन्मावरून हीन ठरविण्याचा तो लेखी पुरावा. १९४५ साली अमेरिकी सेनापती जॉर्ज पॅटन यांच्या हाती त्याची सही असलेली मूळ प्रत पडली. पॅटन याच परिसरात वाढलेले. त्यांनी ती प्रत हंटिंग्टनमध्ये आणून दिली आणि ती तिजोरीत गेली. न्युरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा हा मूळ कागद हजारो मैल दूर तिजोरीत पडून होता. तो लोकांसमोर आला १९९९ साली, म्हणजे तब्बल चोपन्न वर्षांनी. २०१० साली संस्थेने तो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपविला. कागद सुरक्षित राहिला, यात शंका नाही. पण चोपन्न वर्षे तो कोणाच्या उपयोगी पडला?

दुसरी गोष्ट. मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये १९४७ च्या सुमारास गुराखी मुलांना मडक्यांत ठेवलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची हस्तलिखिते सापडली. पुढे आणखी गुहांतून हजारो तुकडे मिळाले. त्यांचे संपादन मोजक्या विद्वानांच्या हाती देण्यात आले. चाळीस वर्षे लोटली तरी बराच मजकूर प्रसिद्ध झाला नव्हता आणि बाहेरच्या अभ्यासकाला मूळ पाहण्याची परवानगी नव्हती. 'आम्ही वाचू, आम्ही अर्थ सांगू, तुम्ही थांबा', असा तो प्रकार होता. मित्रहो, हे वाक्य आपल्या पूर्वजांनी किती शतके ऐकले!

त्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा एक संच, मूळ नष्ट झाल्यास निदान प्रत असावी म्हणून, हंटिंग्टनच्या तिजोरीत ठेवण्यात आला होता. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ग्रंथालयाचे प्रमुख विल्यम मॉफेट यांनी जाहीर केले की, ही छायाचित्रे कोणत्याही अभ्यासकाला पाहता येतील. मोठा गदारोळ झाला. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याने हरकत घेतली. पण जगभरच्या अभ्यासकांनी या निर्णयाचे स्वागत केले, आणि महिन्याभरातच त्या खात्यालाही खुलेपणाचे धोरण मान्य करावे लागले. एका ग्रंथपालाने किल्ली फिरविली आणि चाळीस वर्षांची मक्तेदारी संपली.

एकच संस्था, एकच तिजोरी. एकदा किल्ली खिशात राहिली, एकदा ती फिरली. याचा अर्थ असा की, संस्था चांगली किंवा वाईट ही तिच्या इमारतीवरून ठरत नाही. किल्ली हाती असलेला माणूस त्या दिवशी काय करतो, यावर ते ठरते. बँकेतील लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. आमच्या मते ग्रंथालयालाही दोन किल्ल्या असाव्यात. एक संस्थेची आणि दुसरी वाचकाची.

आणखी एका व्यक्तीविषयी सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. सॅन मरिनोला लागून पॅसाडिना हे शहर आहे. तेथे १९४७ साली ऑक्टेव्हिया बटलर ही कृष्णवर्णीय मुलगी जन्मली. वडील बूटपॉलिश करीत, ते ती लहान असतानाच वारले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करी. मालकांच्या घरात आईला मागच्या दाराने जावे लागते, हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिले. मालकांनी टाकून दिलेली पुस्तके आई घरी आणीत असे. मुलगी बुजरी, वाचताना अक्षरे अडखळणारी, पण सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसणारी. मोठेपणी तिने भांडी घासण्यापासून कारखान्यात बटाट्याचे काप तपासण्यापर्यंत मिळेल ते काम केले आणि पहाटे उठून लिहिले. विज्ञानकथा लिहिणाऱ्या थोर लेखकांत तिची गणना झाली. १९९५ साली तिला अमेरिकेतील मानाची मॅकआर्थर अभ्यासवृत्ती मिळाली.

१९८८ सालच्या एका वहीच्या आवरणाच्या आत तिने स्वतःसाठी काही संकल्प लिहिले होते. आपली पुस्तके सर्वाधिक खपाच्या यादीत जातील, आणि आपण गरीब कृष्णवर्णीय मुलांना लेखनशिबिरांना व कॉलेजात जायला मदत करू, असा त्यांचा आशय होता. २००६ साली ती वारली. तिने आपले सारे कागद हंटिंग्टनला देऊन ठेवले होते, ते २००८ साली तेथे पोहोचले. २०१७ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात त्या वहीचे पान काचेखाली मांडले होते. तिच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली आणि वर्णभेद सोसलेल्या समाजांतील नवे लेखक त्याच शिबिराला जाऊ लागले, जेथे १९७० साली ती स्वतः शिकली होती. २०२० साली तिची एक कादंबरी सर्वाधिक खपाच्या यादीतही आली. संकल्प खरे झाले, पाहायला ती नव्हती. ज्या आईला मागच्या दाराने जावे लागत होते, तिच्या मुलीच्या वह्या आज गुटेनबर्गच्या बायबलाच्या छपराखाली आहेत आणि त्या पाहण्यासाठी अभ्यासक पुढच्या दाराने जातात.

विद्यार्थी मित्रांनो, येथे आमचे सांगणे एवढेच की, आपल्या वह्या फेकून देऊ नका.

आता आपल्या अभ्यासिकेचा विचार करू. तिच्या मागील खोलीत मंडपाचे सामान ठेवण्यासाठी ती भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. मंडळाला पैशाची अडचण आहे, ही गोष्ट खरी. हिशेब आम्हीच लिहितो, त्यामुळे ती आम्हांस चांगली ठाऊक आहे. पण भाड्याचे पैसे दर महिन्याला येतील आणि खर्च होतील. खोली मात्र एकदा गेली की परत मिळत नाही, हाही आमचा अनुभव आहे. म्हणून त्या प्रस्तावाऐवजी आम्ही चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना प्रदर्शनाची. वर्षातून एकदा त्या खोलीत आपल्या घरातल्या जुन्या वस्तू मांडाव्यात. आजोबांचा गिरणीतला बिल्ला, आजीच्या हाताने लिहिलेली गाण्यांची वही, पहिल्या पिढीचा शाळा सोडल्याचा दाखला, सभेची हस्तपत्रके. प्रत्येक वस्तूखाली पाटी असावी, ही कोणाची, कोणत्या सालची, कशी जपली. पाट्या विद्यार्थ्यांनी लिहाव्यात. हे कागद आज पत्र्याच्या ट्रंकांत वाळवी खात आहेत.

दुसरी सूचना व्याख्यानांची. महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्याच एका माणसाने आपले काम समजावून सांगावे. परिचारिका, एस. टी. चालक, शिक्षक, वायरमन, कोणीही. बोलणे अर्धा तास आणि प्रश्न अर्धा तास. हारतुरे नकोत.

तिसरी सूचना शिष्यवृत्तीची. आपण दरवर्षी वर्गणी काढून वह्या वाटतो, ते पैसे त्याच दिवशी संपतात. त्याऐवजी मुदत ठेव करावी, मुद्दलाला हात लावू नये, आणि व्याजातून दरवर्षी एका विद्यार्थ्याची पुस्तके व परीक्षा शुल्क भरावे. अट एकच, त्या विद्यार्थ्याने वर्षभर आठवड्यातून एकदा लहान मुलांना शिकवावे. या ठेवीत आमच्या यंदाच्या बोनसची रक्कम आम्ही जमा करतो. पावती खजिनदारांकडे दिली आहे.

चौथी सूचना झाडांची. अभ्यासिकेच्या मागे जी चिंच, कडुलिंब आणि शेवगा आहे, त्यांना नावाच्या पाट्या लावाव्यात. चिंचेखाली दोन बाके टाकली तर परीक्षेच्या दिवसांत जागा पुरेल. उद्यान म्हणायला एवढे पुष्कळ आहे.

राहता राहिली किल्ली. त्या मुलीची आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, क्षमा राहू द्या. रविवारी तरी कपाट उघडं ठेवा." तिने परीक्षा पुन्हा दिली आहे आणि आज ती या सभेत बसलेली आहे. कपाटाची दुसरी किल्ली आम्ही करून आणली आहे. ती अभ्यासिकेत खिळ्याला टांगलेली राहील आणि शेजारी एक नोंदवही राहील. जो पुस्तक घेईल तो नाव लिहील. एखादे पुस्तक हरवेल, दोन हरवतील. बँकेत आम्ही बुडीत कर्जाची तरतूद करतोच, तशी येथेही करू. पण काचेतून पुस्तकाचे नाव वाचून कोणी परत गेले, तर ते नुकसान कोणत्याही वहीत भरून निघत नाही.

खोलीचा निर्णय कार्यकारिणीने घ्यावयाचा आहे. किल्लीचा आम्ही घेतला आहे.